फिजिक्स कुठे शिकायचं: बडोदा, पुणे, दिल्ली की बरहामपूर

फिजिक्स घ्यायचं हे माझं अकरावीतच पक्कं झालं होतं, त्यावरून घरी फार काही वाजलं नाही, जे काय वाजलं ते "कुठे" वरून. आमच्या घरात युनिव्हर्सिटी म्हटलं की एकच, बडोद्याची महाराजा सयाजीराव, म्हणजे एम.एस. आजोबा कलाभवनातून डिप्लोमा करून मकरपुऱ्यात नोकरीला लागले, आजीने होम सायन्स केलं, आत्या फाइन आर्ट्सला, बाबा कॉमर्सला, आणि आई तर लग्न होऊन साताऱ्याहून आली तरी तिने पण लायब्ररी सायन्स इथूनच केलं. त्यामुळे मला चार-पाच ठिकाणचे फॉर्म भरायचेत असं मी म्हटलं तेव्हा आजी म्हणाली, "अगं, स्टेशनसमोर एवढी मोठी युनिव्हर्सिटी आहे, ती काय नुसता घुमट बघायला?"

आणि समोरच्या काकी. त्यांचा प्रश्न वेगळा. "बेटा, एन्जिनियरिंग केम नथी लेती?" मी फिजिक्स म्हटलं की, "सारुं, पण पछी शुं?" हे "पछी शुं", म्हणजे "मग पुढे काय", मी त्या उन्हाळ्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की एका पॉइंटनंतर राग यायचा पण बंद झाला. खरं सांगायचं तर सगळ्या प्रश्नांमध्ये हाच प्रश्न कामाचा होता, फक्त विचारणाऱ्यांना उत्तर नको असायचं.

मी २०२५ ची बारावी, गुजरात बोर्ड, ए ग्रुप. म्हणजे मॅथ्स आहे, बायो नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आधी सगळे करतात तेच मी केलं, रँकिंगची लिस्ट उघडली. एनआयआरएफ, केंद्र सरकारचं, २०१६ पासून दरवर्षी येतं. त्यात कॉलेजांच्या यादीत दिल्लीची कॉलेजं वर, २०२४ ला हिंदू पहिलं आणि मिरांडा हाऊस दुसरं, त्याआधी कितीतरी वर्षं मिरांडाच पहिलं. आता गंमत अशी की माझ्या यादीतल्या सगळ्या जागा एका यादीत येतच नाहीत, कॉलेज वेगळ्या कॅटेगरीत, युनिव्हर्सिटी वेगळ्या, आयसरसारख्या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था तिसरीकडे, मग तुलना कशाची कशाशी करायची? मग मी मार्क कसे देतात ते वाचलं. युनिव्हर्सिटीच्या कॅटेगरीत शिकवण्याची साधनं वगैरेला ३०, रिसर्चला ३०, पास होऊन मुलं कुठे जातात त्याला २०, सगळ्या प्रकारची मुलं येतात का त्याला १०, आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. आकडे बरेचसे संस्थांनीच भरून पाठवलेले. म्हणजे शंभरातले तीस मार्क रिसर्च पेपर आणि पेटंट वगैरेंचे, आणि मी फर्स्ट इयरला जाणार, मला मेकॅनिक्स कोण शिकवणार आणि ऑसिलोस्कोपला हात लावायला मिळणार का, ते त्यात कुठेच नाही. यादी खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण कशाला किती वजन द्यायचं हे दुसऱ्या कोणीतरी ठरवलंय आणि त्या कोणीतरीला माझ्याबद्दल काही माहिती नाही.

बाबा बँकेत आहेत, त्यांनी लगेच एक्सेल काढलं. आपण आपली वजनं देऊ म्हणाले. रांगेत कॉलेजं, वर कॉलममध्ये फी, हॉस्टेल, मेस, प्रवास, अंतर, सेफ्टी, नाव. मी बघितलं तर अंतराला एकट्याला २५ टक्के वजन! मी म्हटलं बाबा, हे असं केल्यावर एम.एस. सोडून दुसरं काही पहिलं येणं शक्य आहे का. तर म्हणे ऑब्जेक्टिव्ह आहे. मग मी रात्री बसून अंतर ५ वर आणलं आणि लॅबला ३० दिले, सकाळी आयसर पहिलं. मग आईने तिची वजनं घातली आणि फर्ग्युसन पहिलं आलं कारण तिथे मामा आहे. तिघांचे तीन पहिले नंबर. फाईल अजून माझ्याकडे आहे. एक मात्र झालं, कोणाला कशाची काळजी आहे ते त्या आकड्यांमध्ये सरळ दिसलं, जे बोलून महिनाभर कळलं नसतं. बाबांना पैशाची काळजी आहे असं मी धरून चालले होते आणि त्यांनी पैशाला अंतराच्या निम्मं वजन दिलं होतं.

आता एकेक जागा.

पुणे. बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये पुण्याबद्दल एक वेगळंच आहे, आपलंच गाव असल्यासारखं, जरी आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी ते लग्नकार्याशिवाय पाहिलेलं नसतं. मामा कोथरूडला राहतो. तो म्हणाला, फर्ग्युसन, डोळे मिटून. १८८५ चं कॉलेज, नाव काय आहे, आणि तू मराठी, तुला काय परकं वाटणार. पण ऍडमिशनच्या फॉर्मला मराठीपणाशी काही घेणंदेणं नसतं, तिथे मी दुसऱ्या राज्यातल्या बोर्डाची, म्हणजे मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, एलिजिबिलिटी करा. ते काही मोठं काम नाही, बोर्डाकडून मिळतं, पण "आपलं" गाव असलं तरी फॉर्ममध्ये आपण बाहेरचेच. पुण्याचं खरं आकर्षण मला कॉलेजचं नव्हतंच, शहराचं होतं. एका शहरात खगोलशास्त्राची आयुका, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए, आयसर, केमिस्ट्रीची एनसीएल, आणि नारायणगावजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य डिश. आयुकात शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी लेक्चर असतात, मामेभाऊ लहानपणी जायचा, तेव्हा मला त्याचा जाम हेवा वाटायचा. फिजिक्स करणाऱ्या मुलीला संध्याकाळी रिकाम्या वेळात जायला अशा जागा असणं ही छोटी गोष्ट नाही, आणि आमच्या एक्सेलमध्ये तिला कॉलमच नव्हता.

मग मी म्हटलं, इथे काय आहे ते पण प्रामाणिकपणे लिहू. अहमदाबादला पीआरएल, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये सुरू केलेली, आणि गांधीनगरजवळ भाटला आयपीआर, म्हणजे प्लाझ्मा रिसर्चची संस्था, जिथे आदित्य नावाचं टोकामॅक, म्हणजे फ्यूजनच्या प्रयोगांचं यंत्र, आहे. बडोद्याहून अहमदाबाद सव्वाशे किलोमीटरच्या आत. दोन्हीकडचे उन्हाळी प्रोग्रॅम मुख्यतः एमएससीच्या मुलांसाठी असतात, म्हणजे बीएससीला लगेच उपयोग नाही, पण आपल्या भागात काहीच नाही हा माझा समज होता तो गेला.

दिल्ली. सीयूईटी, म्हणजे सेंट्रल युनिव्हर्सिट्यांची प्रवेश परीक्षा, मी दिली, २०२२ पासून डीयूची, म्हणजे दिल्ली युनिव्हर्सिटीची, ऍडमिशन त्यावर आहे, बोर्डाच्या मार्कांवर नाही. फिजिक्स ऑनर्ससाठी एक भाषा, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. विषयाला ५० प्रश्न, ६० मिनिटं. पेपर अवघड नव्हता, फक्त घाईचा होता. पण दिल्लीची खरी अडचण पेपर नाही, कॅलेंडर आहे. निकाल आला जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्यानंतर कॉलेज आणि कोर्सच्या जोड्यांचे प्रेफरन्स भरा, मग वाटप, मग वरच्या जागेसाठी थांबायचं की नाही ते ठरवा. तोवर इथल्या राज्याच्या पोर्टलवरची, जीकॅसची, ऍडमिशन कधीच पुढे गेलेली. हे कोणी आधी सांगत नाही की सगळी पानं एकदम हातात येत नाहीत, एक पान टाकल्याशिवाय दुसरं उचलायला मिळत नाही. आईला तर वाटत होतं की जुलैमध्ये आपण सगळे टेबलाभोवती बसू, समोर सगळी ऑफर लेटर असतील आणि आपण शांतपणे निवडू. असं काही होत नाही.

मधे एका खासगी युनिव्हर्सिटीचे फोन सुरू झाले. नंबर कुठून मिळाला कोणास ठाऊक. रोज वेगळी मॅडम. हायएस्ट पॅकेज अमुक, आजच सीट बुक करा, उद्या स्कॉलरशिप संपेल. बाबांनी विचारलं की हायएस्ट सोडा, मीडियन सांगा, म्हणजे मधल्या मुलाला किती मिळाले, आणि एकूण मुलांपैकी किती बसली होती. त्यावर मॅडम म्हणाल्या सर, मी सिनियरना विचारून सांगते. ओरिजिनल मार्कशीट पण जमा करायला सांगत होते. बाबांना यूजीसीचा २०१८ चा नियम माहीत होता की ओरिजिनल कागद कॉलेजने स्वतःकडे ठेवून घ्यायचे नाहीत, पाहून परत द्यायचे, ते त्यांनी फोनवरच ऐकवलं. त्यानंतर फोन कमी झाले.

आता आयसर, ज्याने माझी झोप उडवली होती. पूर्ण नाव भारतीय विज्ञान शिक्षण आणि अनुसंधान संस्था, सात ठिकाणी आहेत, पुणे आणि कोलकाता सगळ्यात आधी २००६ ला, मग मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती, आणि शेवटी २०१६ मध्ये ओडिशात बरहामपूर. पाच वर्षांची बीएस-एमएस, शेवटच्या वर्षी पूर्ण रिसर्चचा थीसिस. परीक्षा आयएटी, ६० प्रश्न, तीन तास, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो प्रत्येकी १५, बरोबरला ४ आणि चुकला तर १ वजा. आता इथे माझा ए ग्रुप आडवा आला. चौथा हिस्सा पेपर अशा विषयाचा जो मी दहावीनंतर उघडला नव्हता. खालच्या मजल्यावरची मैत्रीण बी ग्रुपची, नीटवाली, तिने मला एनसीईआरटीमधली धरून चालण्यासारखी चॅप्टर्स सांगितली, जेनेटिक्स, इकॉलॉजी वगैरे, आणि मी बोर्डानंतर दुपारी बायो वाचत बसायचे. मजा आली खरं तर. नेस्ट नावाची अशीच दुसरी प्रवेश परीक्षा आहे, तिच्यात निदान चारपैकी चांगले तीन विषय धरतात, तिथे बायो सोडता येतं, इथे सोडलं तर साठ मार्क गेले.

पुणे काही मिळणार नव्हतं, ते रँक बघूनच कळलं. मिळालं बरहामपूर.

घरात कोणालाच ते कुठे आहे माहीत नव्हतं. आजी म्हणाली बऱ्हाणपूर का? मग जवळच आहे की. नकाशा काढला तर आपण अरबी समुद्राच्या बाजूला आणि ते पार बंगालच्या उपसागराजवळ, मधे अख्खा देश. सीट घ्यायची तर थोड्याच दिवसांत पैसे भरून पक्की करायची होती. आणि हा तो आठवडा ज्यात मी सगळ्यात जास्त काम केलं, म्हणजे लोकांशी बोलले.

ओळखीतून ओळख काढून प्रत्येक ठिकाणी शिकणारं कोणीतरी शोधलं. आयसरमधली एक ताई, वारशियाकडच्या आमच्या ओळखीच्या काकूंची भाची. दिल्लीत बाबांच्या सहकाऱ्याचा मुलगा. पुण्यात मामेभावाची मैत्रीण. आणि एम.एस.च्या सायन्स फॅकल्टीत मी स्वतःच जाऊन बाहेर उभी राहिले आणि बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना थांबवून विचारलं, त्यातली दोघं-तिघं खरंच थांबली आणि नंतर शेव उसळ खात तासभर बोलली. कॉलेज कसं आहे असं विचारलं की सगळे "छान आहे" म्हणतात, त्यात काही हाती लागत नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारलं, साधा मंगळवार कसा जातो ते सांग. किती वाजता उठता, दुपारी कुठे असता, शेवटचं प्रॅक्टिकल कधी झालं आणि त्यात तू स्वतः काय केलंस की चौघांमध्ये एकाने केलं आणि बाकीच्यांनी रीडिंग उतरवून घेतलं, लायब्ररीत शेवटचं कधी गेलात. आणि दुसरा प्रश्न काकींचा. पछी शुं, म्हणजे तुमच्या वरच्या बॅचची मुलं आत्ता कुठे आहेत, नावं नकोत, पण पाच-सहा जणांचं सांगा.

उत्तरं ऐकण्यासारखी होती. आयसरची ताई म्हणाली पहिल्या दोन वर्षांत सगळे विषय करावे लागतात, बायो पण, मग तुझा मेजर, रात्री असाइनमेंट, दुपारी लॅब, आणि कोणत्याही प्रोफेसरचं दार वाजवून मला तुमच्या ग्रुपमध्ये काम करायचंय असं सांगता येतं. हे शेवटचं ऐकून माझ्या पोटात कसंतरी झालं, कारण हेच मला हवं होतं. दिल्लीचा मुलगा प्रॅक्टिकलपेक्षा सोसायट्यांबद्दल जास्त बोलला, डिबेट, थिएटर, आणि पीजीच्या भाड्याबद्दल. पुण्याच्या मुलीचा मंगळवार सगळ्यात भरलेला होता पण त्यातला निम्मा बसमध्ये. एम.एस.वाल्यांनी सांगितलं की प्रॅक्टिकल होतात, जर्नल नीट तपासतात, प्रोजेक्ट पाहिजे तर स्वतः सरांकडे जावं लागतं, आपणहून कोणी बोलावत नाही, पण गेलं तर नाही म्हणत नाहीत. आणि वरच्या बॅचमधले कोणी इथेच एमएससीला, एक आयआयटीत, एक बीएड करतेय, एक बँकेच्या परीक्षांना बसलाय.

तो आयआयटीतला मुलगा कसा गेला? जॅम देऊन. आयआयटी आणि काही इतर संस्थांच्या एमएससीसाठी ही एकच परीक्षा, तिला तुमची बीएससी कुठली हे विचारत नाहीत, तीन वर्षांची डिग्री असली तरी चालते. आणि इथे मला पहिल्यांदा फिजिक्स आणि इंजिनियरिंगमधला फरक नीट कळला. इंजिनियरिंगला बारावीनंतर जिथे शिरलात ते नाव कपाळावर राहतं, कंपन्या त्या दारातच येतात. सायन्सला दुसरं दार आहे, बीएससीनंतर, आणि ते सगळ्यांना उघडं आहे, फक्त परीक्षा कडक आहे. शिवाय आता चार वर्षांची ऑनर्स करून ७५ टक्के असले तर मास्टर्सशिवाय पीएचडीला पण अर्ज करता येतो. म्हणजे पहिल्या तीन-चार वर्षांची जागा महत्त्वाची आहेच, पण ती शेवटची नाही.

बाबांनी अर्थातच वेंकी रामकृष्णन काढले. ते याच सायन्स फॅकल्टीतून १९७१ मध्ये फिजिक्सची बीएससी झाले, २००९ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल. बडोद्यात प्रत्येक सायन्सच्या मुलाला हे उदाहरण एकदा तरी ऐकावं लागतं. मी म्हटलं बाबा, एक माणूस म्हणजे डेटा नाही. पण मग मी त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं वाचलं तर त्यात कॉलेजच्या नावाचं कौतुक नाही, त्यांनी लिहिलंय ते अभ्यासक्रमाबद्दल, की त्यांच्या वेळी फिजिक्सला नवीन सिलॅबस आला होता, बर्कली फिजिक्स कोर्सवर आधारलेला आणि जोडीला फाइनमनची लेक्चर्स. म्हणजे नोबेलवाला माणूस पण पुस्तकं कुठली होती तेच सांगतोय. मी मग चारही ठिकाणचे सिलॅबस डाउनलोड करून शेजारी शेजारी ठेवले. बीएससीचे सिलॅबस एकमेकांसारखेच आहेत हो. मेकॅनिक्स, वेव्हज, इलेक्ट्रिसिटी, थर्मल, क्वांटमची ओळख. पुस्तकं तीच. फरक लॅबमध्ये आणि आजूबाजूच्या माणसांमध्ये.

पैशाचं थोडक्यात. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० आहे, बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असाल आणि बेसिक सायन्स घेतलं तर. ती कॉलेज बघून मिळत नाही, म्हणजे घरी राहून बीएससी केली तरी मिळते. आमच्या मार्कशीटवर पर्सेंटाइल रँक छापून येतो, माझा एक टक्क्याच्या जरा बाहेर पडला, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. बाबा म्हणाले बरहामपूरचे पैसे आहेत, तू पैशासाठी नाही म्हणू नकोस. आता त्यांनी असं म्हटल्यावर जास्तच अवघड झालं.

शेवटी मी बरहामपूर सोडलं. कारण असं आहे की पाच वर्षं एका जागी, त्यात सुरुवातीला बायो-केमिस्ट्री परत, आणि त्यातून मधेच बाहेर पडायचं म्हटलं तर सोपं नाही. मला स्वतःला अजून माहीत नाही की मला ऍस्ट्रोफिजिक्स आवडतं की मटेरियल्स की शिकवणं. मी इथून बीएससी करून जॅम देऊन निघाले तर तेव्हा जागा निवडताना मला विषय माहीत असेल, आणि बाबांचे ते पैसे तेव्हा वापरू. हे सगळ्यांना लागू नाही. त्या ताईसारखं ज्याला पहिल्या दिवसापासून रिसर्चच करायचंय त्याने आयसर सोडू नये, बरहामपूर असो की तिरुपती. मी जे सोडलं ते लहान नव्हतं, ते दार वाजवण्याचं अजूनही आठवतं.

आईला वाटलं मी आजीमुळे थांबले. आजीला वाटलं बाबांनी थांबवलं. काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "सरस, घरनुं खावानुं तो मळशे."

जे सोडलं त्याची थोडी भरपाई करायची म्हणून मी बाहेरून काय मिळतं त्याची यादी केलीये. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस नावाचा प्रोग्रॅम आहे, बीएससीच्या मुलांसाठीच, सुट्टीत जाऊन राहायचं आणि प्रोजेक्ट करायचा. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप आहे, त्यात देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करता येतं. आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स फुकट. अशा फॉर्मना शिकवणाऱ्या सरांचं शिफारसपत्र लागतं. ऑप्टिक्सच्या सरांना मागच्या आठवड्यात विचारलं, ते म्हणाले आधी दोन प्रयोग नीट करून दाखव, मग लिहितो. त्यातला न्यूटन रिंग्जचा झालाय.